बघितलं तेवढंच

आमचे हे, हाशिम, गेले तेव्हा दुखवट्याच्या दिवसांत आमच्या घरात तीळ ठेवायला जागा नव्हती. वरच्या लाल ओट्यावर पुरुष, खालच्यावर बायका, उंबऱ्याबाहेर गल्लीच्या वळणापर्यंत चपला. जन्मभर त्यांनी कोटाच्या दरवाजाबाहेरच्या तळावर निळी प्यूजो टॅक्सी चालवली. निम्म्या हरार गावाला त्यांनी कधी ना कधी घरी पोचवलं असेल. आता ती सगळी माणसं त्यांना पोचवायला आली होती.

शेवटच्या दिवसापर्यंत बोलणं संपलं. सबुरीनं घे, अल्लाची मर्जी, चांगला माणूस होता, हे सगळं सगळ्यांचं सांगून झालं. दुपार कलली होती. दारातून आलेलं ऊन हळूहळू ओट्याच्या पायऱ्या चढत होतं आणि सगळे त्या उन्हाकडे बघत बसले होते. तेवढ्यात मुर्शिद बोलला. मुर्शिद हाशिमचा चुलतभाऊ, गिरगिरच्या गल्लीत शिंप्याचं काम करतो. त्या गल्लीत दिवसभर शिलाई मशीनची घरघर चालते, म्हणून ती गिरगिर.

"आज सकाळी गिरगिरमध्ये एक पांढरं गाढव आलं," तो म्हणाला. "पाठीवर ओझं नाही, मागं माणूस नाही. एकेका मशीनपाशी थांबत, कापड बघत बघत गेलं. माझ्यापाशी जरा जास्तच थांबलं."

कुणी हसलं नाही. मग कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, तिनं येताना एका गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांवर झोपलेलं मांजर बघितलं. आणखी कुणी काही सांगितलं. त्या इतक्या दिवसांत माझा श्वास पहिल्यांदा पोटापर्यंत गेला.

मग सगळे आपापल्या घरी गेले. घर एवढं मोठं झालं की पेला खाली ठेवला तरी घुमायचा. मुलगे राजधानीत, अदिसमध्ये, त्यांच्या संसारात. पूर्वी गल्लीतल्या पोरी माझ्याकडे टोपल्या विणायला शिकायच्या. आता पोरी शाळेत जातात आणि माझी बोटं सकाळी वळत नाहीत. भिंतीभर टांगलेल्या टोपल्यांखाली मी एकटी बसायची. कधी डोळा लागायचा, आणि जाग आली की आपण झोपलो होतो की नुसत्या बसलो होतो ते कळायचं नाही.

मला ती दुपार परत हवी होती. त्यासाठी पुन्हा कुणी मरावं, हे काही बरं नव्हे. म्हणून मी मुर्शिदच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "बुधवारी असरच्या नमाजानंतर घरी ये."

त्यानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग कुणाचं ठरलं?"

"कुणाचं नाही रे."

"मौलूदचं पठण आहे का?"

"नाही. नुसतं बसायचं. त्या दिवशी तू गाढवाचं सांगितलंस ना, तसं."

मुर्शिद माझ्याकडे बघत राहिला. "वहिनी, माणसं कारणाशिवाय एकमेकांच्या घरी बसायला लागली तर गाव काय म्हणेल?"

"गावाला म्हणू दे. कॉफीच्या पानांची कुत्ती मी करते."

सगळीकडे तोच प्रश्न. वेशीबाहेरून दूध घालायला येणारी घनाते, तिच्याकडे मी बुधवारसाठी जास्तीचं दूध मागितलं, तर तिनं आधी पदरानं डोळे पुसले आणि मगच दूध ओतलं. खरं काय ते सांगितल्यावर म्हणाली, "मग तर जास्तच वाईट, माय. कुणी मेलेलं नसताना एवढं दूध."

पहिल्या बुधवारी तिघं आले. एक मुर्शिद. दुसरे उमरदीनबाबा. आमच्या गल्लीच्या टोकाला उंबराखाली एका अवलियाची कबर आहे, तिची झाडलोट ते करतात. आणि तिसरी मफ्तुहा, माझी लहानपणची मैत्रीण, काटकुळी, जिभेची धारदार. मी कॉफीची वाळकी पानं भाजली, दूध-मीठ घालून किटलीत उकळली, उद जाळला. मग म्हटलं, "इथं एकच आहे. या आठवड्यात आपण आपल्या डोळ्यांनी जे बघितलं तेवढंच सांगायचं. दुसऱ्यानं सांगितलेलं नको. कुणाची तक्रार नको, कुणाला सल्ला नको."

"मग राहिलं काय बोलायला?" मफ्तुहा म्हणाली.

खरंच काही राहिलं नव्हतं. आम्ही बसलो. कुत्ती प्यायलो. उद विझत आला. उमरदीनबाबा भिंतीला टेकले आणि घोरायला लागले. मुर्शिदनं तरतरी आणणाऱ्या खात नावाच्या झुडपाची पानं निवडून चघळायला घेतली. मला वाटलं, मी खुळी आहे, उद्यापासून गावात तोंड दाखवायला जागा नाही. तेवढ्यात बाबांनी डोळे न उघडता म्हटलं, "कबरीवरच्या चादरीत एका मुंगीनं आज सबंध दिवस घालवला. हिरव्या कडेनं चालत राहिली. मी असर होईपर्यंत बघत होतो. ती कुठं पोचली नाही, पण थांबलीही नाही." आणि परत घोरायला लागले.

मफ्तुहा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. पुढच्या बुधवारी ती सगळ्यांच्या आधी आली.

असं ते सुरू झालं. खाटकांच्या बाजारावर घारी कशा फिरतात, त्यातली एक खाली झेपावते आणि मांसाऐवजी एखाद्या पोरीच्या हातातली हिरवी फीत घेऊन उडते. पहाटे गावकोटाच्या भिंतीतल्या मोरीतून बाहेर पडणारं तरस वळून एकदा गल्लीकडे बघतं, विसरलेलं काही आठवावं तसं. पावसाळ्यात डोंगरावरून ढग उतरतो आणि मशिदीचा मिनार अर्ध्यातून नाहीसा होतो, बांग मात्र पुरी ऐकू येते. हे आम्ही जन्मभर बघत आलो होतो. ओट्यावर बसून कुणी सांगितलं, की ते दुसऱ्याच कुठल्या तरी गावातलं वाटायचं, आणि त्या गावात आपणही राहतो याचं नवल वाटायचं. घरी जाताना माणसं हळू चालायची.

मग एका बुधवारी रम्ला दारात उभी राहिली.

रम्ला, मफ्तुहा आणि मी एकाच बाईच्या कामघरात टोपल्या विणायला शिकलो. रम्लाचा हात सगळ्यांत चांगला. लाल गवताशेजारी कुठलं हिरवं बसेल, हे ती न बघता सांगायची. पुढे रम्लाची यसरा आणि मफ्तुहाचा फेथी यांचं लग्न ठरलं. भेटी गेल्या, टोपल्या विणून झाल्या, आणि फेथी कामासाठी जेद्दाला गेला तो तिथंच लग्न करून बसला. फोनवरून कळवलं. रम्लानं घरी आलेली एकेक भेटवस्तू मफ्तुहाच्या दारात नेऊन ठेवली, हाक न मारता. त्याला वीस-बावीस वर्षं झाली. यसराचं पुढं अदिसमध्ये चांगल्या घरी झालं, पण या दोघींत शब्द उरला नाही. आमच्या अफोचात, म्हणजे सुखदुःखाला धावणाऱ्या बायकांच्या मंडळात, दोघी होत्या. मफ्तुहा ते सोडून दुसऱ्या मंडळात गेली. लग्नघरात एक शिरली की दुसरी निघायची.

आता रम्ला दारात, आणि मफ्तुहा ओट्यावर.

"ऐकलं, इथं कुणीही येऊन बसतं," रम्ला मला म्हणाली. "म्हटलं, कुणीही बसत असेल तर मीही बसावं."

मफ्तुहा उठली नाही. उठली असती तर तिची जागा गेली असती. रम्ला समोर बसली. मधे मी किटली ठेवली.

त्या दिवसापासून दोघी त्या किटलीशी बोलायला लागल्या. मफ्तुहाला सांगायचं असलं तरी रम्ला किटलीकडे बघून सांगायची, रम्लाला टोचायचं असलं तर मफ्तुहा किटलीला टोचायची. पहिल्याच खेपेला मफ्तुहा म्हणाली, "मी या आठवड्यात एक दार बघितलं. बाहेरून एवढं घासलेलं, एवढं घासलेलं, की आत कुणाला घेत नसतील."

रम्ला किटलीला म्हणाली, "मी एक जीभ बघितली."

"रम्ला," मी म्हटलं.

"काय? डोळ्यांनी बघितली."

उमरदीनबाबा झोपेत हसले. मी दोघींना सांगितलं की पुन्हा असं झालं तर किटली मी आत नेऊन ठेवीन आणि दोघींनाही कोरड्या तोंडानं बसावं लागेल. मग हळूहळू टोचणं कमी झालं. बोलायला बंदी होती त्या गोष्टी त्यांच्याकडे एकमेकींसाठी ढिगानं होत्या. बंदी नव्हती त्या गोष्टी त्यांनी आधी कधी एकमेकींना सांगितल्याच नव्हत्या.

आणि रम्ला सांगायची सुंदर. तिच्या घरासमोर एक लांब पांढरी भिंत आहे. तिच्यावर सकाळचं ऊन कसं पडतं, कुणाच्या सावल्या कशा लांबतात, ब्रेडचं ताट डोक्यावर घेतलेली बाई गेली की तिची सावली कशी तीन बायकांची होते. दर बुधवारी ती भिंत वेगळी. आम्ही डोळे मिटून ऐकायचो. मफ्तुहाही. तिला वाटायचं कुणी बघत नाही, पण ती ओठ किंचित उघडे ठेवून ऐकायची, लहानपणी कामघरात गोष्ट ऐकताना ठेवायची तसे.

पावसाळा गेला. ज्वारी कापणीला आली. आभाळ घासलेल्या तांब्यासारखं झालं, डोंगर इतके जवळ दिसायचे की हात लावावा. त्या दिवसांतल्या एका बुधवारी रम्लानं सांगितलं, "परवा सगळ्या गल्लीत धुकं होतं. दुपारीसुद्धा. माणसं धुक्यातून येत होती, पाय आधी, तोंड मागून. दिव्यांभोवती मोठी मोठी कडी. मी दारात उभी राहिले आणि मला वाटलं, आपण मेलेलो आहोत आणि कुणी सांगितलेलं नाही."

आणि मफ्तुहा एकदम, किटलीकडे न बघता, सरळ म्हणाली, "परवा धुकं नव्हतं."

तिनं ते वाईटपणानं म्हटलं नव्हतं. तिचा आवाज मला माहीत आहे. पण रम्लाचा चेहरा उतरला. तिनं ओढणी सावरली, उठली आणि ओट्याच्या कडेला पाय टाकला, तर पायरी पायाखाली आलीच नाही. भिंतीला धरलं म्हणून पडली नाही. मुर्शिद धावला, तर त्याचा हात तिनं झटकला. "बघितलं तेवढं सांगितलं," ती म्हणाली आणि गेली.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही.

मी तिच्या घरी गेले. ती अंगणात बसली होती, मांडीवर गवताच्या जुड्या. ईदला तिनं मला एक झाकण दिलं होतं, त्यात हिरव्याच्या जागी जांभळं होतं. मला वाटलं, नवी तऱ्हा असेल. आता तिच्या मांडीवर हिरव्या आणि जांभळ्या दोन्ही जुड्या एकत्र झालेल्या दिसल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या वर्षीच्या पावसाळ्याच्या आधीपासून. आधी कडा गेल्या. मग रंग मिसळले." तिनं एक काडी बोटांत फिरवली. "वाईट नाही गं. सकाळी उठले की सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं असतं."

"यसराला सांगितलंस?"

"ती येऊन घेऊन जाईल मला. मला कुठं जायचं नाही."

"मग बुधवारी तरी ये."

"मेकिया, तुझ्या घरी डोळ्यांचं काम आहे. बघितलं तेवढंच, असं तूच सांगितलंस ना? माझ्याकडे आता सांगायला काय आहे?"

नियम मी केला होता, आणि मी केला तेव्हा मला एवढंच हवं होतं, की माणसांनी माझ्या घरी येऊन गाढवाचं सांगावं. मी तिच्याजवळ बसले. तिनं कुत्ती केली. दूध ओतताना पेल्याच्या आत बोटाचं टोक धरलं होतं, भरला की कळावं म्हणून. बोट भाजलं तरी हललं नाही.

घरी येताना मी कुणालाच काही बोलले नाही. पण आमच्या गावात भिंती जाड आणि गल्ल्या अरुंद आहेत. भिंतीतून काही ऐकू येत नाही आणि गल्लीतून सगळं जातं.

त्या बुधवारी मुर्शिदनं सांगितलं, बाबांनी सांगितलं. मफ्तुहाची पाळी आली. तिनं पेला खाली ठेवला आणि हात ओढणीत लपवले.

"मी माझं काही बघितलं नाही," ती म्हणाली. "मी या आठवड्यात रोज रम्लाच्या दारासमोर जाऊन उभी राहिले. ती आत असायची तेव्हा. दार वाजवलं नाही. तिच्या उंबऱ्याला पाठ लावली आणि तिला दिसेल तिकडं बघितलं."

मुर्शिदनं तोंडातली पानं चघळणं थांबवलं.

"समोरची भिंत पांढरी नाही. निळी आहे. समोरच्यांनी रंग देऊन वर्ष झालं असेल. आपण सगळे तिथून जातो. तू जातेस, मेकिया. मुर्शिद रोज जातो. ती दर बुधवारी इथं पांढरी भिंत सांगायची आणि आपण मान हलवायचो." मफ्तुहानं आमच्याकडे एकेक करून बघितलं. "ती बघत नव्हती. तिला आठवत होतं. जुनं काढून ताजं करून सांगायची."

तिनं मधली किटली बाजूला सारली.

"निळ्या भिंतीवर सकाळी पाल असते. ती ऊन पुढं सरकलं की तेवढीच सरकते. शेजारचं पोर भिंतीला काठी घासत शाळेत जातं, त्याची एक रेघ पडलीये, शेवटी ती वर जाते, कारण तिथं पोर उडी मारतं. दुपारी कुणी नसतं. त्या वेळी निळा रंग समोरच्या घरात शिरतो. रम्लाच्या उंबऱ्यावर, तिच्या दारावर, चपलांवर. माझ्या हातांवर पण आला." तिनं हात ओढणीतून काढले आणि बघितले, जणू अजून असेल. "एवढंच बघितलं."

उमरदीनबाबा जागे होते. ते म्हणाले, "हे तिच्या दारातलं आहे. तिला नेऊन दिलं पाहिजे."

"मी नाही जाणार," मफ्तुहा म्हणाली.

"तू कुठं एकटी चाललीस? सगळेच जाऊ."

पुढच्या बुधवारी असरनंतर आम्ही माझ्या घरी बसलोच नाही. मी किटली भरली, कापडात गुंडाळली. उचलायला गेले तर मफ्तुहानं ती माझ्या हातातून घेतली. गल्लीतून आमची वरात निघाली: पुढं काटकुळी मफ्तुहा किटली पोटाशी धरून, मागं मी पेले घेऊन, मुर्शिदच्या काखेत दोन उशा, सगळ्यांच्या मागं उमरदीनबाबा. लोक दारांत येऊन बघत होते. कुणीतरी विचारलंच, "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," बाबा म्हणाले. "आम्ही चाललोय."

रम्लाचं दार बंद होतं. मफ्तुहानं किटली एका हातात घेतली आणि दुसऱ्यानं कडी वाजवली.

"कोण?" आतून.

बाबा उत्तर द्यायला पुढं झाले, तर मफ्तुहानं कोपरानं त्यांना मागं सारलं. पण तिच्या तोंडून काही निघेना. जन्मात पहिल्यांदा मी तिला शब्दासाठी अडलेलं बघितलं.

"कोण आहे?" रम्लानं परत विचारलं, आता दाराच्या अगदी पलीकडून.

"किटली," मफ्तुहा म्हणाली. "किटली आलीये."

गल्लीत फक्त कुठल्याशा घरातून मसाला कुटण्याचा आवाज येत होता.

मग अडसर निघाला. रम्ला उभी होती, डोळे आमच्या डोक्यांवरून कुठंतरी. "किटलीला म्हणावं," ती म्हणाली, "चपला बाहेर काढ."

आम्ही तिच्या ओट्यावर बसलो. मफ्तुहानं पेले भरले, आणि रम्लाचा पेला तिच्या हातात देताना तिची बोटं त्याच्याभोवती नीट बसेपर्यंत सोडला नाही. मग तिनं निळी भिंत पुन्हा सांगितली. पाल, काठीची रेघ, शेवटची उडी. रम्लानं मान खाली घालून ऐकलं.

"निळी कसली निळी? आकाशासारखी की शाईसारखी?" तिनं विचारलं.

"कामघरातल्या बाईच्या खोक्यातलं सुताचं रीळ आठवतं? जे तू चोरलं होतंस?"

"चोरलं नव्हतं. उसनं घेतलं होतं."

"तसली."

"हं," रम्ला म्हणाली. "मग बरी आहे."

मी म्हटलं, इथून पुढं ऐकलेलंही चालेल. हात लावलेलंही चालेल. मुर्शिद म्हणाला, "वहिनी, मग नियम उरला काय?" मी म्हटलं, "नियम माझ्या घरचा होता. हे रम्लाचं घर आहे."

त्या दिवशी रम्लानं सांगितलं, की मी येते तेव्हा माझा डावा पाय घासतो, आणि मुर्शिद येतो तेव्हा त्याच्या खिशातल्या सुया वाजतात, आणि गेला सबंध आठवडा रोज कुणीतरी दाराशी येऊन उभं राहायचं, जोरानं श्वास घ्यायचं आणि न बोलता जायचं. "मला वाटलं, बकरी असेल," ती म्हणाली. मफ्तुहा किटलीकडे बघत राहिली, पण तिचे कान लाल झाले होते.

यसराला मफ्तुहानंच फोन केला. काय बोलली ते मला माहीत नाही. ती घराच्या गच्चीवर जाऊन बोलली आणि खाली आली तेव्हा तिचं नाक सुजलं होतं. यसरा आली, आईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, काढता येईल. दुसऱ्याची नस सुकली आहे, त्याला आता इलाज नाही. रम्ला म्हणाली, एक पुरे, दोन डोळ्यांनी तरी काय दिवे लावले होते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर आम्ही चौघी बसलो होतो. यसरा कागद करायला गेली तेव्हा मफ्तुहा म्हणाली, "फेथीचं चुकलं होतं. मी त्याची आई. मला ते तोंडानं म्हणवलं नाही."

"बाकी कशाला तुझं तोंड कधी अडलं नाही," रम्ला म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "पोरीला सुख आहे. बघतेस ना, कशी दिसते? मला सांग बरं, कशी दिसते?"

मफ्तुहानं सांगितलं. केस कसे बांधलेत, ओढणीचा रंग कोणता, चालताना ती कशी आईसारखी खांदा उडवते. रम्ला पट्टी बांधायच्या आधीच डोळे मिटून ऐकत होती.

पट्टी सुटली तेव्हा आम्ही सगळे तिच्या घरी होतो. तिनं आधी लेकीला बघितलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग तिचा एक डोळा ओट्यावरून फिरत मफ्तुहावर येऊन थांबला. बराच वेळ थांबला.

"अगं," ती म्हणाली, "तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा," मफ्तुहा म्हणाली.

यानंतर सगळं गोड झालं असं नाही. कुत्तीत मीठ किती घालायचं यावरून त्या दोघी दर बुधवारी भांडतात. मफ्तुहा अजून तिच्या दुसऱ्या मंडळात आहे, परत यायला तयार नाही, म्हणते आता तिथल्या बायकांची सवय झाली. रम्लाच्या डोळ्याला उन्हात पाणी येतं, बारीक विणकाम तिला जमत नाही. जाड दोरीच्या टोपल्या विणते आणि कुणी नावं ठेवली तर त्यांना घरी पाठवते. बुधवार आता फिरता झाला आहे. कधी माझ्याकडे, कधी मुर्शिदच्या दुकानामागच्या खोलीत, थंडीचे दिवस असले की बाबांच्या उंबराशेजारी, उन्हात. अलीकडे घनाते दूध घालून झालं की कडेला टेकते आणि तिच्या डोंगरातलं सांगते. ती सांगते तेव्हा आम्हाला वेशीबाहेरचं गाव दिसतं, जिथं आमच्यातलं कुणी फारसं गेलेलं नाही.

गेल्या बुधवारी रम्लाकडे होतं. तिची पाळी आली तेव्हा ती उठून दारात गेली आणि बाहेर बघत उभी राहिली. कलतं ऊन होतं. गल्लीतून एक बाई डोक्यावर लाकडं घेऊन चालली होती, तिच्यामागं दोन शेळ्या. ती गेली. मग काही नव्हतं. रम्ला तरी उभीच.

"सांग की," मफ्तुहा म्हणाली. "कुत्ती निवतेय."

"थांब," रम्ला म्हणाली. "अजून बघतेय."

आम्ही थांबलो.